गोल केकचा घाट

'घाट' हा शब्द मराठी समीक्षकांनी वापरून वापरून देवळाच्या पायरीसारखा गुळगुळीत केला आहे. कवितेचा घाट, कादंबरीचा घाट, आशयाने घाट ठरतो की घाटाने आशय, यावर आमच्या कॉलेजच्या दिवसांत अमरावतीला अशी भांडणे होत, की चहा आणणारा पोऱ्यासुद्धा रिकामे कप उचलताना "आशय आणू का अजून?" असे विचारी. गृहिणींच्या तोंडी मात्र या शब्दाला वेगळाच अर्थ असतो. त्या घाट घालतात. तो पापडांचा असतो, लोणच्याचा असतो, सत्यनारायणाचा असतो. आणि घातल्यावर तो निस्तरावा लागतो. कवींना ही शेवटची अट नाही.

हे दोन्ही अर्थ एकाच भांड्यात एकत्र आलेले मी गेल्या मे महिन्यात पाहिले. ते भांडे म्हणजे चेंडूच्या आकाराचा केक भाजण्याचा साचा. पुस्तकांवर अभिप्राय लिहिणारे उदंड आहेत, भांड्यांवर कोणी लिहीत नाही, हा मला भांड्यांवर अन्याय वाटतो. वाईट पुस्तक मिटून ठेवता येते. वाईट भांडे जन्मभर फडताळात खडखडत राहते आणि प्रत्येक दिवाळीच्या साफसफाईत नव्याने हातात येते. तेव्हा ही भांड्याची समीक्षा समजावी.

साच्याचा थोडक्यात परिचय असा. अॅल्युमिनियमच्या दोन अर्धगोल वाट्या, प्रत्येकी सुमारे १५ सेंटिमीटर रुंद आणि साडेसात सेंटिमीटर खोल. सोबत दोन कडी. घागरीखाली चुंबळ असते तशी ही कडी वाटीखाली ठेवायची, कारण गोल बुडाची वाटी ओव्हनमध्ये स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. ज्याला उभे राहायला दुसऱ्याचा आधार लागतो त्याच्याकडून फार अपेक्षा करू नयेत, पण सूनबाईने त्या केल्या. अमेरिकेत विल्टन नावाची कंपनी १९२९ पासून केक सजवण्याच्या धंद्यात आहे. सहा इंची दोन वाट्या आणि दोन कडी हा संच तिने तिकडच्या घराघरांत पोचवला. आमच्याकडचा साचा त्याच मापाचा, पण देशी आणि निनावी. खोक्यावर मात्र फुटबॉल, क्रिकेटचा चेंडू, पृथ्वी आणि एक हसणारे अस्वल अशी चार चित्रे होती. एवढ्या विषयांना एकाच घाटात बसवणारा लेखक मराठीत अजून झालेला नाही.

आता या मापाकडे जरा बारकाईने पाहा. क्रिकेटच्या चेंडूचा घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असतो, म्हणजे रुंदी सव्वासात सेंटिमीटरच्या आसपास. मोठ्या फुटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे रुंदी साधारण २२. आमचा केक क्रिकेटच्या चेंडूच्या दुप्पट आणि फुटबॉलच्या दोनतृतीयांश. तो कुठल्याच मैदानावरचा नाही. नाटकातल्या वकिलासारखा तो फक्त वेषावरून ओळखायचा.

वास्तविक अमरावतीने चेंडूच्या मागे लागायचे काही कारणच नव्हते. १९१४ साली इथे स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेले आणि साऱ्या जगासमोर कबड्डी खेळून दाखवून आले. कबड्डीला चेंडू लागत नाही. कबड्डीचा केक करायचा तर एक आयताकृती ट्रे आणि मधोमध एक रेघ, झाले काम! पण विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये रणजी करंडक जिंकल्यापासून आमच्याकडच्या पोट्ट्यांना चेंडूशिवाय दुसरे काही सुचत नाही. अकोल्याच्या अक्काच्या नातवाला आठवे वर्ष लागत होते आणि त्याला लाल चेंडूचाच केक हवा होता. अक्काने फोनवर ही मागणी कळवली, सूनबाईने "करते की आत्याबाई" म्हटले आणि घाट घातला गेला.

केक हा मुळात आडवा पदार्थ आहे, हे माझे पहिले म्हणणे. आमच्या लहानपणी अमरावतीत मध्यमवर्गाचा केक कुकरमध्ये होई. कुकरची रिंग आणि शिट्टी काढायची, तळाला वाळू पसरायची, तीवर डबा ठेवायचा आणि आई सांगेल तोवर कोणी झाकण उघडायचे नाही. पुढे अॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला. त्याच्या झाकणातल्या काचेतून सगळे घर पाळीपाळीने आत डोकावे. त्या काळी दूरदर्शन नव्हते, एवढे लक्षात घ्यावे. या दोन्ही यंत्रांतून निघणारा केक थाळीसारखा असे. तो मधे थोडा फुगे, कडेला थोडा करपे, पण आतून भाजलेला असे.

चेंडूच्या साच्यात हेच जमत नाही आणि ते न जमण्यात कोणाच्या हाताचा दोष नाही. पुऱ्या चेंडूइतके घोळ घ्या आणि ते २० सेंटिमीटरच्या दोन पसरट डब्यांत वाटा. फुगून तयार झालेला केक प्रत्येक डब्यात जेमतेम २.८ सेंटिमीटर उंच होईल. त्याचा गाभा वरच्या आणि खालच्या आचेपासून दीड सेंटिमीटरसुद्धा दूर नाही. तेच घोळ दोन अर्धगोल वाट्यांत घाला, की गाभा सगळीकडून पावणेचार सेंटिमीटर आत जाऊन बसतो. तिथे आच पोचेपर्यंत बाहेरची साल तांबूस, मग तपकिरी, मग आमच्या जुन्या शिसवी कपाटाच्या रंगाची होते. साल वाचवावी म्हणून आच कमी करावी तर वेळ वाढतो. कडा आधी घट्ट होतात, मधले ओले घोळ फुगायला जागा शोधत वर येते आणि अर्ध्या चेंडूवर एक टेंगूळ उगवते. जाणकार बायका यावर उपाय म्हणून वाटीत मधोमध धातूचा एक चपट्या डोक्याचा खिळा उलटा उभा करतात, म्हणजे त्याच्यातून आच गाभ्यापर्यंत जाते. ज्या पदार्थाला शिजण्यासाठी पोटात खिळा ठोकून घ्यावा लागतो, त्याच्या घाटाबद्दल मी अधिक काय लिहू?

ते टेंगूळ नंतर सुरीने कापून सपाट करतात, आणि हा कापलेला भाग घरच्या समीक्षकाला मिळतो. हा या साहित्यप्रकाराचा सर्वांत चांगला भाग आहे. त्याच्यावर क्रीम नसते, रंग नसतो, चेंडू होण्याची जबाबदारी नसते. गरम असताना तो नुसता केक असतो.

यानंतर दोन अर्धे जोडायचे. मधे क्रीमचा थर, वर दुसरा अर्धा पालथा. इथे मला या घाटाचा खरा दोष दिसतो. साच्यातून चेंडू निघतच नाही. निघतात त्या दोन वाट्या. गोल होतो तो क्रीमच्या लिंपणाने. दोन दीर्घकथा एकत्र बांधून कादंबरी म्हणून खपवाव्यात आणि मधला सांधा मुखपृष्ठाच्या रंगाने झाकावा, तसला हा प्रकार. बरे, चेंडू झाला तरी तो ताटलीवर स्वस्थ बसेल तर शपथ! घरंगळू नये म्हणून त्याचे बूडही थोडे कापतात. म्हणजे वर टेंगूळ कापलेले, खाली बूड कापलेले, मधे सांधा, असा हा 'पूर्ण गोल'.

लिंपण हा स्वतंत्र विषय आहे. आडव्या केकवर क्रीम निवांत पहुडलेले असते. चेंडूच्या वरच्या अर्ध्यावर ते उतारावर बसते आणि खालच्या अर्ध्यावर वटवाघळासारखे उलटे लटकते. त्यातून हा केक मे महिन्यात अकोल्याला न्यायचा होता. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते; अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कोणी बातमीसुद्धा मोठ्याने वाचत नाही. शिवाय क्रिकेटच्या चेंडूला लाल रंग हवा. क्रीम मुळात पांढरे; त्याचा गुलाबी सहज होतो, पण लाल होण्यासाठी रंग ओतत राहावे लागते. सूनबाई रात्री दीड वाजेपर्यंत ओतत होती. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा ती पंखा बंद करून, कारण वाऱ्याने क्रीमवर साय धरते, घामाघूम होऊन चेंडूवर पांढरी शिवण काढत बसली होती. शिवणीचा एकेक टाका ती मोजत होती. "झोप ना आता," मी म्हटले. "बाबा, हलू नका, सावली पडते," ती म्हणाली.

अमरावती ते अकोला हा रस्ता हल्ली चांगला आहे. नुसता चांगला नाही, विक्रमी आहे. जून २०२२ मध्ये या दोन शहरांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत अखंड डांबरून झाली आणि तिची गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. सलग लिंपण करावे तर असे! आमच्या चेंडूचे लिंपण मूर्तिजापूरपर्यंत टिकले. गाडीत केकला मागच्या सीटवर पट्टा बांधला होता, शेजारी बर्फाची पिशवी होती, आणि मला मांडीवर ओला पंचा घेऊन त्याच्यावर लक्ष ठेवायला बसवले होते. मूर्तिजापूरच्या पुढे खालच्या अर्ध्यातली शिवण हळूहळू रुंद होऊ लागली. अकोल्यात शिरताना चेंडू ८० षटके जुना झाला होता.

तरी मांडवात सगळ्यांनी "अरे वा!" म्हटले. म्हणायलाच हवे होते. पोरगा तर बघतच राहिला. त्याने आधी बोटाने दाबून पाहिले आणि "याचा टप्पा नाही पडत" असा पहिला अभिप्राय दिला. तो बरोबर होता.

मग कापायचे. आडवा केक कसा कापतात हे सगळ्यांना माहीत आहे, चेंडू कसा कापतात हे कोणालाच नाही. अक्काच्या शेजारी गणिताचे निवृत्त सर राहतात. त्यांनी पावासारखे समान जाडीचे काप करायला सांगितले आणि सुरी हातात असताना एक गंमत ऐकवली. गोलाचे समान जाडीचे काप केले, तर प्रत्येक कापाच्या वाट्याला बाहेरची साल सारखीच येते, मग तो काप टोकाचा असो की मधला. आर्किमिडीजने हे दोन हजार वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. पोरे खूष झाली. सगळ्यांना क्रीम सारखे! पण सरांनी पुढचे सांगितले नाही, ते मी नंतर कागदावर करून पाहिले. १५ सेंटिमीटरच्या चेंडूचे सहा काप केले, तर मधल्या कापात टोकाच्या कापाच्या सव्वातीनपट केक असतो. अर्थात याचा कोणाला पत्ताच लागला नाही, कारण पोरांनी क्रीम चाटले आणि केक ताटलीत ठेवला. तासाभराने साऱ्या पंगतीच्या जिभा पान खाल्ल्यासारख्या लाल होत्या आणि केराच्या टोपलीत चेंडूचा आशय पडला होता.

माझी तक्रार वाया गेलेल्या केकबद्दल नाही. ती वेगळीच आहे. त्या संध्याकाळी निदान दहा बायकांनी सूनबाईला एकच प्रश्न विचारला, "साचा कुठून आणला?" अमरावती-अकोल्याला आता कितीतरी सुना-मुली घरी केक करून चार पैसे मिळवतात, त्यांनाही हाच प्रश्न ऐकावा लागत असणार. रात्री दीडपर्यंत जागलेला हात, सांधा लपवणारी सुरी, मोजून काढलेले टाके, या सगळ्याचे श्रेय दोन अॅल्युमिनियमच्या वाट्यांना! गोलपणा साच्याने केलाच नव्हता हो, तो तिने केला होता. साच्याने फक्त दोन अर्धे कच्चे प्रश्न तिच्या पुढ्यात टाकले होते. ज्या भांड्यामुळे काम वाढते आणि नाव भांड्याचे होते, ते भांडे वाईट. आमच्या समीक्षेत याहून मोठा निकष नाही.

मांडवातला खरा समीक्षक मात्र निराळाच निघाला. अक्काच्या शेतावरचे म्हातारे सालदार जेवायला आले होते. त्यांनी चेंडूकडे खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "एवढा मोठा रोडगा? मंधात कच्चाच राहीन ना बाप्पा!"

मला एकदम लख्ख उजेड पडल्यासारखे झाले. गोल वस्तू भाजायला वऱ्हाडाला बाहेरून कोणी शिकवायची गरजच नव्हती. आमच्याकडे रोडगे पिढ्यान्‌पिढ्या भाजले जातात. गव्हाची जाडसर कणीक, तेलाचे मोहन, मीठ, ओवा. घट्ट भिजवायची, मळून मळून हात दुखले पाहिजेत. काही घरी गोळा पारीत गुंडाळून, तेल लावून, पुन्हा दुसऱ्या पारीत गुंडाळतात, म्हणजे भाजल्यावर पापुद्रे सुटतात. शेतात गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, ज्वाळा बसून नुसता लाल निखारा उरला की त्यावर रोडगे मांडायचे, फिरवत राहायचे, आणि शेवटी गरम राखेत पुरून टाकायचे. राखेची आच मंद असते आणि ती वरून, खालून, चारी बाजूंनी येते. ओव्हनला हे साधत नाही. वाटीच्या बाजूने एक आच आणि उघड्या तोंडाने दुसरी. मग फडक्याने राख झाडायची, रोडगा मुठीने फोडायचा, तुपात बुडवायचा, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. रोडगा न कापता फोडायचा असतो, त्यामुळे आर्किमिडीजचा प्रश्न उद्भवत नाही.

हा पदार्थ नवसालाही चालतो. एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण सासरच्या सगळ्या माणसांपासून सुटका मागते आणि त्या बदल्यात भवानीआईला कबूल करते तो रोडगाच. एवढ्या मोठ्या मागणीला एवढीशी किंमत, म्हणजे देवीलाही रोडग्याची चव माहीत असली पाहिजे. आमच्याकडे रोडग्यांच्या दिवशी जगऱ्याशी पुरुष बसत. बाया भाजी-वरण करून मोकळ्या होत. जेवताना प्रश्न ठरलेले असत: "कणीक कोणी मळली?" आणि "जगऱ्यावर कोण होतं?" गोवऱ्या कोणत्या दुकानातून आणल्या, असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. आता फ्लॅटमध्ये गोवऱ्या पेटवता येत नाहीत आणि नव्या पोरांना राखेची शिसारी येते. खालच्या मजल्यावरून धुराची तक्रार येईल ती वेगळीच. ओव्हनमधले रोडगेही मी खाल्ले आहेत. ते स्वच्छ असतात. यापेक्षा त्यांच्याबद्दल काही लिहिता येत नाही.

मी सालदारबुवांना विचारले, "मग रोडगा किती मोठा असावा?"

त्यांनी मूठ मिटून माझ्यापुढे धरली. "मुठीत मावन तेवढाच. त्याच्यावर गेला का बाहेरून राख अन् मंधात पीठ."

पावणेचार सेंटिमीटरचा हिशेब करायला मला कागद लागला होता. हे माप त्यांच्या हातातच होते.

या मापाने पाहिले तर गोल केकही करता येतो. त्यासाठी साचाही घरात असतो, फक्त त्याचे नाव अप्पेपात्र आहे. त्याच्या खळग्यांत केकचे घोळ घालायचे, मंद आचेवर झाकण ठेवायचे, आणि एक बाजू झाली की प्रत्येक गोळी उलटायची. पाच-सात मिनिटांत दोन्ही बाजूंनी भाजून निघतात. इथे गोलपणा लिंपणातून येत नाही. उलटणाऱ्या हाताने तो भाजता भाजताच येतो. अशा सहा गोळ्या ताटलीत मांडल्या की एक षटक पुरे. ताटलीत दोन षटके मांडली तरी कोणाच्या वाट्याचा आशय कमी-जास्त होत नाही. सूनबाईने जूनमध्ये एकदा करून पाहिल्या. घरातल्या दोन मुलांनी चार षटके संपवली आणि निर्धाव षटक एकही गेले नाही.

राहता राहिला तो साचा. अर्धा गोल हा वाईट घाट नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्याला उगाच पूर्ण व्हायला लावले तिथे घोटाळा झाला. अर्धा पालथा घातला, की तो ताटलीवर आपल्या बुडावर घट्ट बसतो, सांधा नाही, वटवाघूळ नाही. त्याचे कासव होते, छत्री होते, बाहुलीचा घेर होतो. करोनाच्या सुमारास हातोडीने फोडायच्या चॉकलेटच्या अर्धगोलाची साथ आली होती. त्यातही निदान कोणी तो पूर्ण असल्याचा आव आणत नव्हते. क्रिकेटच हवे असेल तर अर्ध्या चेंडूचे उत्तम हेल्मेट होईल, पुढे एक टोपीचा पट्टा चिकटवला की झाले.

हे मी सूनबाईला सुचवले. तिने एक वाटी त्यासाठी बाजूला ठेवली आहे. दुसरी सध्या आमच्या गॅलरीत आहे. कड्यावर ठेवली की ती हलत नाही. उन्हाळाभर तिच्यात पाणी भरून ठेवतो आणि दुपारी तीनच्या सुमारास चिमण्या येतात.